सगळ्यात शेवटी बापाला कळतं

ज्युलिएटचं वय तिची दाई तारखेवरून सांगत नाही, भूकंपावरून सांगते. भूकंपाला आता अकरा वर्षं झाली, त्याच दिवशी मी हिचं अंगावरचं दूध तोडलं, कबुतरखान्याच्या भिंतीशी उन्हात बसले होते, छातीला कडू पाला लावला होता, असा तिचा हिशेब. आपल्याकडच्या आज्या असाच हिशेब लावत: प्लेगच्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा. त्या लांबलचक आणि बऱ्यापैकी चावट बडबडीत एक वाक्य ओझरतं येऊन जातं. मालक आणि बाईसाहेब तेव्हा मांटुआला गेले होते. म्हणजे मुलीचं दूध तुटलं त्या दिवशी आईबाप गावात नव्हते.

त्याच प्रवेशात आई मुलीशी लग्नाचं बोलायला आलेली आहे. आम्हा दोघींना जरा बोलायचंय, तू बाहेर जा, असं ती दाईला सांगते आणि वाक्य पुरतं व्हायच्या आत तिला परत बोलावते. चौदाव्याला टेकलेल्या स्वतःच्या मुलीशी एकटीनं काय बोलायचं, हे तिला सुचत नाही. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ समजून घ्यायचं असेल तर बाल्कनीच्या आधी हा प्रवेश वाचावा. (बाल्कनी हा शब्द नाटकात नाहीच, खिडकी आहे. नाटक घडतं त्या इटलीतल्या व्हेरोनात पर्यटक ज्या बाल्कनीचे फोटो काढतात ती त्या घराला विसाव्या शतकात बसवलेली आहे.)

आपल्याकडे हे नाटक दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. एक तऱ्हा अमर प्रेमाची, ती भेटकार्डांवर असते. त्यातल्या नायकाचं मराठीत पुढे ‘रोडरोमिओ’ झालं आणि तो पोलिसांच्या बातम्यांत जाऊन बसला; ज्युलिएटचा मात्र कुणी शब्द केला नाही. दुसरी तऱ्हा वडीलधाऱ्यांची. पोरांना समज नसते, घाई करतात, मग असं होतं. वर्गात शिकवतानाही शेवटी तात्पर्य याच अंगाने काढलं जातं. माझं भांडण या दुसऱ्या तऱ्हेशी आहे, कारण नाटकातली तारीखवार नोंद तिच्या विरुद्ध जाते.

रविवारी काउंट पॅरिस मुलीला मागणी घालतो तेव्हा ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट अगदी शहाण्या बापासारखा बोलतो. पोर अजून चौदाची नाही, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत. लवकर आई झालेल्या पोरी लवकर कोमेजतात. आणि तिचं मन तू जिंक, तिच्या होकारापुढे माझी इच्छा दुय्यम. वाचताना वाटतं, बाप असावा तर असा. सोमवारी भर रस्त्यात बायकोचा भाचा टिबॉल्ट मारला जातो. त्याच रात्री हाच बाप मुलीला न विचारता पॅरिसला शब्द देऊन टाकतो: गुरुवारी लग्न. बुधवार फार जवळ होईल, एवढा विचार मात्र तो करतो. मंगळवारी ज्युलिएट खोटीखोटी माफी मागते, तर त्या आनंदात तो लग्न आणखी एक दिवस अलीकडे ओढतो. दोन वर्षांचे तीन दिवस झाले, तीन दिवसांचा एक. आणि मठातल्या लॉरेन्स बाबांनी घड्याळ लावून बांधलेला बेत (ज्युलिएटने औषध पिऊन मेल्यासारखं पडायचं, थडग्यात जाग येईल तेव्हा रोमिओने तिला घेऊन जायचं) कोसळायला हा ओढलेला एक दिवस बराच कारणीभूत आहे.

त्याच मंगळवारी पहाटे मुलगी आईपुढे गयावया करते. हे लग्न महिनाभर पुढे ढकल, नाहीतर आठवडाभर तरी. घाईची म्हणून जिची कथा सांगतात ती पोरगी एका आठवड्याची मुदत मागते आणि घरातलं कुणी ती देत नाही. बाप म्हणतो, बोलू नकोस, उत्तर देऊ नकोस, माझे हात शिवशिवताहेत; गुरुवारी चर्चमध्ये आली नाहीस तर भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, तुला काय करायचं ते कर, माझा तुझा संबंध संपला.

यातली खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी गंमत, ही की हा आरडाओरडा चाललाय तेव्हा मुलीचं लग्न होऊन गेलेलं आहे. आदल्या दुपारीच झालंय. नवरा रात्रभर याच घरात होता आणि नुकताच खिडकीतून उतरून गेलाय. दाईला माहीत आहे, कारण दोराची शिडी तिनेच आणली. मठातल्या लॉरेन्सला माहीत आहे, लग्न त्यानेच लावलं. माहीत नाही ते मालकाला आणि बाईसाहेबांना. ज्या घरात बापाच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन, त्या घरात बापाला सगळ्यात कमी माहीत असतं. मला वाटतं शेक्सपिअरने हे घर इतक्या बारकाईने उभं केलंय ते हे दाखवायलाच. मना करण्याचा अधिकार जसजसा पक्का होत जातो तसतसं घरात घडतंय काय ते कळण्याचं बंद होत जातं, कारण कळवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

मूळ कथा शेक्सपिअरची नाही. इटलीत ती आधीपासून होती, आणि त्याने हाताशी घेतलं होतं ते आर्थर ब्रुकचं 1562 सालचं इंग्रजी काव्य. ब्रुकने प्रस्तावनेत झोडपून काढलंय ते मुलांना: आईवडिलांचा आणि आप्तांचा सल्ला धुडकावणारे, वासनेच्या आहारी गेलेले, दायांच्या आणि भोंदू साधूंच्या नादी लागलेले. (काव्य स्वतः प्रस्तावनेइतकं कठोर नाही, प्रस्तावनांचं असंच असतं.) ब्रुकची ज्युलिएट सोळाची आहे आणि गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने वय तेराचं केलं, महिन्यांचे चार-पाच दिवस केले आणि ती फटकारणारी प्रस्तावना गाळली. त्याच्या सूत्रधाराच्या सुरुवातीच्या चौदा ओळींत दोष येतो तो जुन्या वैराला आणि आईबापांच्या रागाला. मुलांना नुसतं दुर्दैवी म्हटलंय.

तेरा हे वय त्याच्या प्रेक्षकालाही खटकणारं होतं. तेव्हाच्या इंग्लंडात चर्चच्या नियमाने मुलीला बाराव्या आणि मुलाला चौदाव्या वर्षी लग्न करता येई, पण सामान्य घरांतल्या मुली पंचविशीच्या आसपास लग्न करत. स्वतः शेक्सपिअरचं लग्न अठराव्या वर्षी झालं, बायको सव्वीसची होती. नाटक लिहिलं त्या सुमारास, 1595च्या आगेमागे, त्याची थोरली मुलगी बाराएक वर्षांची होती. यावरून काही सिद्ध करायचं नाही मला. पण त्या वयाची मुलगी घरी असलेल्या माणसाने ‘उपाशी मर, रस्त्यावर मर’ या ओळी लिहिल्या, हे वाचताना मनात येतंच.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. रोमिओ रविवारी सकाळी रोझलाइन नावाच्या मुलीसाठी उसासे टाकत असतो आणि रात्री ज्युलिएटच्या पायाशी असतो. रोझलाइन नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही, तरी ती पुढच्या लोकांना इतकी अडचणीची वाटली की अठराव्या शतकात नट डेव्हिड गॅरिकने आपल्या प्रयोगातून तिचं नावच उडवलं. अमर प्रेमाला आदल्या दिवशीचं प्रेम परवडत नाही. पुढे हद्दपारीची शिक्षा ऐकून रोमिओ मठाच्या जमिनीवर लोळण घेतो, स्वतःला भोसकायला निघतो. टिबॉल्टला तो मारतो, शेवटी पॅरिसलाही मारतो. या मुलाच्या हाती मी माझी मुलगी दिली असती का? नसती. कॅप्युलेटच्या जागी मीही काळजीत पडलो असतो.

पण रोमिओ टिबॉल्टला का मारतो, तेही बघावं. आधी तो भांडायला नकार देतो. टिबॉल्ट आता नात्यातला झाला आहे, हे त्याला सांगता येत नाही. मग त्याचा मित्र मर्क्युशिओ मध्ये पडतो, सोडवायला गेलेल्या रोमिओच्या हाताखालून त्याला वार लागतो, आणि मरता मरता तो दोन्ही घराण्यांना शाप देतो. तेव्हा रोमिओ म्हणतो, ज्युलिएटच्या रूपाने मला बायल्या केलं. शांत राहिला तर तो भ्याड. हे गणित या पोरांना कुणी शिकवलं? पहिल्याच प्रवेशात गल्लीतली मारामारी ऐकून म्हातारा कॅप्युलेट घरगुती झग्यातच बाहेर येतो आणि ओरडतो, माझी लांब तलवार आणा! बायको म्हणते, तलवार कसली मागताय, कुबडी मागा. प्रेक्षक हसतो, पण मुलं हेच बघत वाढलेली आहेत. भांडण मुळात कशावरून आहे ते संपूर्ण नाटकात कुणीही सांगत नाही. बहुधा कुणाला आठवतही नसावं.

नशिबाचा मुद्दाही काढतात. रोमिओला बेत कळवणारी चिठ्ठी पोहोचली असती तर! चिठ्ठी घेऊन निघालेला साधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, दारं मोहरबंद होतात आणि रोमिओला काहीच कळत नाही. लंडनच्या प्रेक्षकाला हे ओढूनताणून आणलेलं वाटलं नसणार, 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे तिथली नाट्यगृहं बहुतेक बंदच होती. योगायोग आहे, मान्य. पण दोन मुलांचा जीव एका चिठ्ठीवर लोंबकळत राहतो, कारण गावातल्या एकाही प्रौढ माणसात दोन बापांसमोर उभं राहून ‘तुमच्या मुलांचं लग्न झालंय’ असं सांगायची हिंमत नाही. लॉरेन्सला ते सांगता आलं असतं. तो सांगत नाही, तो औषध देतो. हाच लॉरेन्स सकाळी म्हणाला होता, सावकाश, धावणारा ठेचकाळतो. आणि दुपारी लग्न लावून मोकळा झाला, कारण या लग्नातून गावाचं वैर मिटेल असा त्याचा हिशेब होता. थडग्यात ज्युलिएट जागी होते, पहारेकऱ्यांची चाहूल लागते, तेव्हा तो म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो, आणि ती हलत नाही असं पाहून पळून जातो.

हे सगळं आज मांडायचं कारण म्हणजे लग्नाला आईवडिलांची संमती सक्तीची करावी, ही मागणी आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढते. कायद्याने मुलगी अठराव्या आणि मुलगा एकविसाव्या वर्षी आपला जोडीदार निवडू शकतो. तरी विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लागते. म्हणजे ज्यांच्यापासून जीव वाचवायचा त्यांनाच महिनाभर आधी आमंत्रण. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी ‘कुटुंब समन्वय समिती’ नेमली. ओरड झाल्यावर काही दिवसांत आंतरजातीय हा शब्द वगळला आणि आंतरधर्मीय ठेवला. हेतू सांगितला गेला तो माहेर तुटलेल्या मुलींचा माहेराशी संपर्क जोडण्याचा. पण माहेर तुटतं कधी? मुलीने निरोप पाठवला नाही म्हणून क्वचित. बहुतेकदा निरोप घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठवलं म्हणून.

गैरसमज नको. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न व्हावं असं मी म्हणत नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006 व्हेरोनात लागू असता तर लग्न लावणारा लॉरेन्स गजाआड गेला असता; आणि हे विसरलं जातं की गुरुवारचा मांडव घालणारा कॅप्युलेटही त्याच कोठडीत असता. अल्पवयीन मुलीला कायद्याचं संरक्षण हवंच. मी बोलतोय ते सज्ञान मुलांवर आईबापांची सही लादण्याबद्दल. कॅप्युलेटकडे ती सही पूर्णपणे होती. त्या सहीने त्याला काय मिळालं, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट खटकते. कुठे मुलीच्या भावाने मुलाला मारलं की बातमीत ‘आधुनिक रोमिओ-ज्युलिएट’ असं छापून येतं. नाटकाची पहिलीच ओळ सांगते की ही दोन घराणी मानमरातबात सारखी होती. आपल्याकडे गोष्ट तशी क्वचितच असते. एक घर वरचं असतं, एक खालचं ठरवलेलं असतं, आणि कोयता कुठल्या बाजूने येतो हे आधीच सांगता येतं. त्याला ‘दोन कुटुंबांतला वाद’ म्हणणं म्हणजे मारणाऱ्याचा हात झाकणं. व्हेरोनाचा राजा निदान शेवटी कबूल करतो की तुमच्या भांडणांकडे मी डोळेझाक केली, म्हणून माझेही दोन नातलग गेले. अशी कबुली सत्तेवरच्या माणसाकडून ऐकायची सवय आपल्याला नाही.

मराठी वाचकाची या वयाशी ओळख मात्र जुनी आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं ते 1883 साली, ‘विकारविलसित’ या नावाने. पुढे आठ वर्षांनी संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रान पेटलं, आगरकर बाजूने आणि टिळक विरोधात. तो कायदा मुलीचं संमतिवय दहावरून बारा करण्यापुरता होता. त्या हिशेबाने तेरा वर्षांची ज्युलिएट जाणती ठरली असती! तेव्हाच्या पुणेकराला तिच्या वयाचं नवल वाटलं नसतं. नवल वाटलं असतं ते तिने स्वतः माणूस निवडण्याचं. आणि त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला नकार देते, 1884 मध्ये नवरा कोर्टात जातो, 1887 मध्ये कोर्ट सांगतं की नांदायला जा नाहीतर तुरुंगात. ती म्हणते, तुरुंग चालेल. 1888 मध्ये प्रकरण पैशांवर मिटलं, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. ज्युलिएट आणि रखमाबाई यांच्या धैर्यात फरक करायचं मला कारण दिसत नाही. फरक होता तो घरात. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुलीचं ऐकून घेतलं आणि ते तिच्या पाठीशी राहिले. खटला उभा राहिला तेव्हा घरातलं एक मोठं माणूस तिच्या बाजूला होतं.

ज्युलिएटकडे तसं एकच होतं, दाई. आईबापांनी झिडकारल्यावर ती दाईकडे वळते: काहीतरी धीराचं बोल. दाई विचार करून म्हणते, काउंटशी लग्न करून टाक. रोमिओ त्याच्यापुढे भांडी पुसायचं फडकं. दुष्टपणा नाही यात, व्यवहार आहे, आणि आपल्या घरांतल्या कितीतरी मावश्या-काकू प्रेमापोटी हेच सांगतील. ज्युलिएट फक्त विचारते, मनापासून बोलतेस? मग शांतपणे म्हणते, तू मला फार धीर दिलास. दाईला वाटतं पोर वठणीवर आली. पाठ वळल्यावर ज्युलिएट ठरवते की इथून पुढे माझं मन हिच्यापाशी उघडायचं नाही. या नाटकात कुणी मोठं होत असेल तर ते इथे, आणि ते प्रेमाने होत नाही. रविवारी ‘तुम्ही परवानगी द्याल तेवढंच त्याच्याकडे बघेन’ म्हणणारी मुलगी मंगळवारी खोटं बोलायला शिकते, कारण खरं ऐकणारं कुणी उरलेलं नाही. नंतर आपण म्हणतो, मुलं घरात काही सांगत नाहीत.

त्या रात्री ती औषधाची कुपी हातात घेऊन एकटी बसते. आई आणि दाई आताच बाहेर गेल्यात. तिला भीती वाटते, दोघींना परत बोलवावं असं वाटतं. ती हाक मारतेही: दाई! आणि मग स्वतःशीच म्हणते, ती इथे येऊन काय करणार? मग एकेक शंका तपासते. हे विष तर नसेल? लग्न लावल्याचं उघडं पडू नये म्हणून साधूने मला मारायचं ठरवलं नसेल? थडग्यात वेळेआधी जाग आली तर? नाटकातलं दुसरं कुणी पुढच्या दिवसाचा इतका सावध विचार करत नाही. मग ती पिते.

खाली तोवर लग्नघर जागं झालंय. पहाटेचे तीन वाजलेत. कोठीतून मसाले निघताहेत, खजूर मागवलेत, नोकर लाकडं आणि टोपल्या घेऊन धावताहेत. दाई मालकाला म्हणते, बायकांच्या कामात लुडबूड करू नका, झोपा जाऊन, उद्या जागरणाने आजारी पडाल. कॅप्युलेट ऐकत नाही. तो आज फार खुशीत आहे. मुलगी ऐकली, सगळं जमून आलं. तो स्वयंपाकघरात ओरडून सांगतो, पदार्थांकडे नीट लक्ष द्या, खर्चाकडे बघू नका.